मेंढरांचा आवाज कोठून येतो?

शास्त्रपाठ : १ शमुवेल १५:१०-३०



शौल राजा अमालेकी लोकांशी लढून विजयी होऊन परतला होता. कर्मेल येथे त्याने स्वतःसाठी स्मारकही उभारले होते. शमुवेल संदेष्टा भेटावयास येताच राजाने प्रसन्न मुद्रेने त्याचे स्वागत केले आणि परमेश्वराची आज्ञा आपण पुरी केल्याचे सांगितले. लुटीतले काहीही राखून ठेवावयाचे नाही, अशी ती आज्ञा होती. (त्या युद्धाज्ञेविषयी आपल्या मनात जे अवघड प्रश्न उभे राहतात, त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा, आज आपले लक्ष राजाच्या उत्तराकडे आहे.) राजाचे बोलणे ऐकून वृद्ध संदेष्ट्याने एकच गोष्ट विचारली. आज्ञा पुरी झाली असेल, तर कानी येणारा हा मेंढरांचा आणि गुरांचा आवाज कसला?

शौलाचे उत्तर बारकाईने वाचा. उत्तम मेंढरे व गुरे लोकांनी राखली, असे तो सांगतो. उरलेल्यांचा नाश मात्र आम्ही केला, असे म्हणतो. आणि राखली ती कशासाठी? परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी! एका वाक्यात दोष दुसऱ्यांवर गेला, श्रेय स्वतःकडे आले आणि लोभाने याजकाची वस्त्रे अंगावर चढविली. असे उत्तर देणे येरागबाळ्याचे काम नाही. त्याला बुद्धी लागते. बुद्धिमान मनुष्य पाप करतो तेव्हा तो बहुधा ते पाप म्हणून करीतच नाही. तो त्याला आधी एक चांगले नाव देतो.

या विषयावर मनन करीत असताना मला एका दूरचित्रवाणी मालिकेची आठवण झाली. मनोरंजनाच्या गोष्टी धर्मोपदेशात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आपल्या घरांतील पुष्कळ तरुणांनी ती पाहिली आहे, आणि तिच्यात शौलाच्या रोगाचे निदान इतक्या स्पष्टपणे केलेले आहे, की तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला योग्य वाटत नाही. 'ब्रेकिंग बॅड' हे तिचे नाव. जानेवारी २००८ ते सप्टेंबर २०१३ या काळात ती अमेरिकेत ६२ भागांत दाखविण्यात आली. न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की शहरात तिचे कथानक घडते. तिच्यात हिंसा पुष्कळ आहे, तेव्हा लहान मुलांना ती दाखवू नये, हे येथेच सांगून ठेवतो.

मालिकेचा नायक वॉल्टर व्हाईट हा हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवणारा शिक्षक आहे. तो विलक्षण बुद्धिमान आहे, पण संसार ओढण्यासाठी शाळा सुटल्यावर मोटारी धुण्याच्या एका केंद्रावरही त्याला नोकरी करावी लागते. मुलगा अपंग आहे, पत्नी गरोदर आहे. पन्नासाव्या वाढदिवसाच्या सुमारास त्याला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान होते. आपल्यामागे बायकामुलांचे कसे होणार, ही चिंता त्याला ग्रासते. मग तो आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथॲम्फेटामिन नावाचा घातक अमली पदार्थ तयार करू लागतो. त्याचा साडू मात्र अमली पदार्थांच्या व्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या सरकारी खात्यात अधिकारी असतो.

वाचकहो, इथवर ऐकून आपल्याला त्या मनुष्याची कीव आली असेल. ती यावी अशीच कथेची रचना आहे. परंतु आरंभीच्या काही भागांत एक घटना घडते, ती लक्षात ठेवावी. वॉल्टरच्या जुन्या मित्राची मोठी कंपनी आहे; कोणे एके काळी वॉल्टरही तिच्यात भागीदार होता. तो मित्र त्याला चांगली नोकरी आणि आरोग्यविमा देऊ करतो. मित्राची पत्नी उपचाराचा सारा खर्च देण्यास तयार होते. कुटुंबाची चिंता हेच खरे कारण असते, तर देवाने दार उघडले म्हणून त्याने गुडघे टेकावयास हवे होते. तो नकार देतो. इतकेच नव्हे, तर उपचाराचे पैसे तेच मित्र देत आहेत, असे खोटे तो पत्नीला सांगतो. दुसऱ्याचे उपकार घेणे त्याच्या अहंकाराला सोसत नाही. म्हणजे पहिल्याच वळणावर खरे कारण उघडे पडले होते. तरीही पुढे तो 'कुटुंबासाठी' हाच शब्द उच्चारीत राहतो.

या मनुष्याच्या पतनाच्या वाटेवर तीन खुणा मला दिसतात. आपणही कधी त्या वाटेने चाललो असू, तर त्या आपल्याला ओळखू येतील.

पहिली खूण ही, की विवेकबुद्धीशी चालणारा वाद हळूहळू बंद पडतो. कथेच्या आरंभी एक गुन्हेगार त्याच्या तावडीत सापडतो आणि त्याला तळघरात बांधून ठेवण्यात येते. त्याला मारावे की सोडावे? वॉल्टर कागद घेऊन दोन रकाने आखतो. सोडून देण्याच्या बाजूने तो बरीच कारणे लिहितो. त्यांत यहुदी-ख्रिस्ती धर्मतत्त्वांचाही उल्लेख आहे. मारण्याच्या बाजूला एकच कारण आहे : हा सुटला तर आपल्या कुटुंबाला ठार करील. वॉल्टर कैद्याला सोडण्याच्या निश्चयापर्यंत येतोही. पण फुटलेल्या बशीचा एक धारदार तुकडा कैद्याने लपविल्याचे त्याच्या ध्यानी येते आणि तो रडत, क्षमा मागत त्याचा जीव घेतो. त्या वेळी त्याचे मन अजून जिवंत होते. पुढे २०१२ साली दाखविलेल्या एका भागात दुसरी यादी येते. तिच्यात कारणे नाहीत, फक्त नावे आहेत. आपल्याविरुद्ध साक्ष देऊ शकतील अशा, तुरुंगातील दहा माणसांना तो दोन मिनिटांच्या आत मारवितो. पहिल्या यादीत देवाच्या नियमाला निदान एक ओळ तरी मिळाली होती. दुसरीत त्यासाठी जागाच उरली नाही.

दुसरी खूण ही, की हिशेबाचा आकडा पुढे सरकत जातो. वॉल्टर एकदा बसून हिशेब करतो : मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज, रोजचा खर्च. त्याला ७,३७,००० डॉलर पुरेसे वाटतात. तेवढे मिळाले की थांबावयाचे! परंतु कालांतराने पैशांचा असा ढीग साचतो, की त्याची पत्नी तो मोजणेही सोडून देते आणि आता पुरे किती म्हणायचे, असे पतीला विचारते. शेवटी सुमारे ८ कोटी डॉलर पिंपांत भरून वाळवंटात पुरावे लागतात. 'एवढे झाले की थांबेन' हे वाक्य सैतानाला फार प्रिय असावे, कारण त्यात पश्चात्तापाचे वचन असते आणि त्याची तारीख मात्र नसते.

तिसरी खूण सर्वांत भयंकर आहे : दुसऱ्याचे दुःख आकड्यांत मोजले जाऊ लागते. एका रात्री वॉल्टरच्या डोळ्यांदेखत एक तरुण मुलगी अमली पदार्थाच्या गुंगीत गुदमरते. तिला कुशीवर वळवले असते, तरी ती वाचली असती. तो पुढे होतो आणि थांबतो, कारण तिचे मरण त्याच्या सोयीचे असते. त्या मुलीचा पिता विमानवाहतूक नियंत्रक आहे. शोकाने सैरभैर झालेल्या त्या पित्याच्या हातून चूक होते आणि शहरावर दोन विमानांची टक्कर होऊन १६७ माणसे मरतात. नंतर शाळेत विद्यार्थ्यांचे सांत्वन करण्यासाठी सभा भरते, तेव्हा वॉल्टर काय बोलतो? १९७७ साली टेनेरिफ बेटावर झालेल्या खऱ्याखुऱ्या विमान अपघातात ५८३ माणसे मरण पावली होती, त्या मानाने ही दुर्घटना लहानच, तेव्हा आपण यातून सावरू, असे तो मुलांना समजावतो! त्याचा आकडा बरोबर आहे. टेनेरिफला खरोखरच ५८३ माणसे गेली. खोटे काहीच न बोलता त्याने सत्याचा असा उपयोग केला, की स्वतःचा अपराध लहान दिसावा. कयफा या मुख्य याजकानेही असाच हिशेब मांडला होता : सारे राष्ट्र नाश पावण्यापेक्षा एका मनुष्याने मरणे सोयीचे आहे (योहान ११:५०). गणित चुकलेले नव्हते. गणिताच्या एका बाजूला देवाचा पुत्र उभा होता, एवढेच त्याला दिसले नाही.

आता एक प्रश्न मी आपणाला विचारतो. ही मालिका पाहणारे असंख्य लोक बराच काळ वॉल्टरच्याच बाजूचे का राहिले? तो पकडला जाऊ नये, असे त्यांना का वाटत राहिले? दाविदाच्या कथेत याच्या उलट घडते. नाथान संदेष्ट्याने श्रीमंत मनुष्याने गरिबाची एकुलती एक मेंढी बळकावल्याची कथा सांगितली, तेव्हा राजा संतापाने पेटून उठला (२ शमुवेल १२:५). मग आपल्याला संताप का येत नाही? मला वाटते, याचे कारण असे : त्या श्रीमंताकडे दावीद बाहेरून पाहत होता, तर वॉल्टरच्या घरात आपण आतून राहतो. त्याचा खोकला, त्याची भीती, त्याचा अपमान आपण पाहतो. प्रत्येक पावलामागचे त्याचे कारण आपण ऐकतो, आणि जो युक्तिवाद आतून ऐकला तो पटू लागतो. वाचकहो, जगात एकच मनुष्य असा आहे, की ज्याचा युक्तिवाद आपण जन्मभर आतूनच ऐकत आलो आहोत. तो मनुष्य म्हणजे आपण स्वतः. मनुष्याचे सर्व मार्ग त्याच्या स्वतःच्या दृष्टीने शुद्ध असतात, परंतु अंतःकरणे तोलणारा परमेश्वर आहे, असे नीतिसूत्रकार सांगतो (१६:२), ते यासाठीच.

हे मी दुसऱ्यांना उद्देशून लिहीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका मंडळीत पाळक होतो. आपद्ग्रस्तांसाठी जमविलेल्या निधीतील काही रक्कम मी पाळकगृहाच्या गळक्या छपरासाठी वापरली. छप्पर गळत होते, हे खरे. पावसाळा तोंडावर होता, हेही खरे. घर देवाच्या सेवेचे, पैसे देवाचे, मग बिघडले कोठे? असे मी मनाशी म्हणालो आणि शांत झोपलो. एका रविवारी उपासनेनंतर पापड लाटून पोट भरणाऱ्या एका वृद्ध भगिनीने मला सहज विचारले, "पाळकसाहेब, माझे शंभर रुपये त्या लोकांना पोचले का हो?" मी तिला छपराची, पावसाळ्याची, मंडळीच्या अडचणीची सारी हकीकत सांगितली. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे नाही पोचले." प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे होते. उरलेले माझे बोलणे म्हणजे शौलाची मेंढरे होती. ती रक्कम मी पुढे आपल्या पगारातून भरली आणि पंचमंडळापुढे सर्व सांगितले. पण त्या दिवसापासून माझ्या स्वतःच्या लांबलचक उत्तरांची मला भीती वाटते.

आपण महाराष्ट्रात राहत असा, अथवा नोकरीनिमित्ताने दिल्लीस, भोपाळास किंवा बंगळूरास, ही मेंढरे आपल्याबरोबर येतात. कचेरीत टेबलाखालून पाकीट घेणारा बंधू मुलीच्या लग्नाचे कारण सांगतो. मुलाच्या प्रवेशासाठी खोटा दाखला मिळविणारी माता त्याच्या भवितव्याचे नाव घेते. मंडळीची जमीन चोरवाटेने विकणारे विश्वस्त त्याच पैशातून मंदिराला रंग देतात. घरात सर्वांना धाकाखाली ठेवणारा पिता त्याला शिस्त म्हणतो. मुलांवरचे प्रेम, भवितव्याची काळजी, मंदिराची शोभा, शिस्त, ही सारी नावे पवित्र आहेत. म्हणूनच तर त्यांची निवड होते! आपल्या प्रभूने परूश्यांना ठपका दिला, तो याच कारणासाठी : आईबापांना द्यावयाचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण केलेले, असे म्हणून ते आपल्या कर्तव्यातून सुटत असत (मार्क ७:९-१३). त्यांनी कुटुंबाला टाळण्यासाठी देवाचे नाव घेतले; वॉल्टरने देवाचा नियम मोडण्यासाठी कुटुंबाचे नाव घेतले. दोहोंचा रोग एकच.

आणि ज्यांचे नाव घेतले, त्यांना शेवटी काय मिळाले? साडूचा वाळवंटात खून झाला. पत्नीचे घर मोडले. फरारी वॉल्टर दूरवरून मुलाला फोन करतो, त्याला पैसे पाठवू पाहतो. मुलगा ते पैसे नाकारतो आणि बाप अजून मरत का नाही, असे ओरडून विचारतो. ज्याच्यासाठी म्हणून सारे केले, त्यानेच ती देणगी तोंडावर फेकली.

मालिकेच्या अखेरच्या भागात, जो २९ सप्टेंबर २०१३ रोजी दाखविण्यात आला, वॉल्टर पत्नीला भेटावयास येतो. पुन्हा एकदा 'कुटुंबासाठी' हा शब्द ऐकावा लागणार म्हणून ती वैतागते. पण या वेळी तो शब्द येत नाही. हे सारे मी माझ्यासाठी केले, मला ते आवडत होते, मी त्यात निपुण होतो, असे तो कबूल करतो. साऱ्या मालिकेतील ही बहुधा सर्वांत प्रामाणिक वाक्ये असतील. त्यानंतर तो आपल्या जुन्या विद्यार्थ्याची बंदिवासातून सुटका करतो, हेही त्याच्या पदरात टाकले पाहिजे.

परंतु हा पश्चात्ताप आहे काय? शौलानेही शेवटी पाप केल्याचे कबूल केले होते. पण त्याच श्वासात, वडील जनांसमोर माझा मान राखा, अशी विनंती त्याने शमुवेलाला केली (१ शमुवेल १५:३०). वॉल्टर मरतो तो त्या विषाच्या कारखान्यात, तेथील यंत्रांवरून मायेने हात फिरवीत. त्याने सत्य सांगितले, पण त्या सत्याला घेऊन जावे असे कोणी त्याच्याजवळ नव्हते. कबुली म्हणजे मनुष्याने आपल्या पापाचे खरे नाव घेणे. पश्चात्ताप म्हणजे ते नाव घेऊन पित्याच्या घराकडे चालू लागणे. दाविदाने परमेश्वराविरुद्ध पाप केल्याचे मान्य केले, तेव्हा बथशेबेचे सौंदर्य, युद्धाचा काळ, राजपदाचा ताण, यांपैकी एकही कारण त्याने पुढे केले नाही. जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. जकातवसुलीच्या पद्धतीवर व्याख्यान दिले नाही.

मग कारणे देण्याची ही सवय सुटावी कशी? अधिक कठोर निश्चयाने ती सुटणार नाही, कारण तिचे मूळ भीतीत आहे. एका शास्त्र्याने प्रभूला आपला शेजारी कोण, असे विचारले, ते स्वतःला नीतिमान ठरविण्याच्या इच्छेने, असे लूक लिहितो (१०:२९). ज्याला स्वतःच स्वतःला निर्दोष ठरवावयाचे आहे, त्याला आयुष्यभर आपले वकीलपत्र घ्यावे लागते. रोज नवा पुरावा, रोज नवा साक्षीदार! बुद्धी जितकी तल्लख, तितका खटला लांबतो. परंतु सुवार्ता ही आहे, की ख्रिस्त येशूच्या ठायी असलेल्या मुक्तीच्या द्वारे देव आपल्याला कृपेने, फुकट नीतिमान ठरवितो (रोम ३:२४). वधस्तंभावर आपला अपराध झाकला गेला नाही. तो पूर्णपणे उघड झाला आणि पूर्णपणे वाहिला गेला. ज्याचा निकाल देवाने दिला, त्याला वकिलाची गरज काय? म्हणूनच मंदिरात मागे उभा राहिलेला जकातदार एकही कारण न देता छाती बडवू शकला, आणि नीतिमान ठरून घरी गेला.

प्रिय वाचकहो, आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी एवढे करा. ज्या एका गोष्टीचे स्पष्टीकरण आपण मनाशी पुनःपुन्हा देत आला आहात, ती देवासमोर ठेवा. 'कारण', 'परंतु' आणि 'सगळेच करतात' हे शब्द वगळून ती एका वाक्यात सांगा. वाक्य लांबू लागले, तर थांबा आणि कान द्या. जवळपास कोठेतरी मेंढरे ओरडत असतील. आणि कोणाचे काही परत करावयाचे असेल, तर उद्या सकाळीच निघा.

हे अंतःकरणे पारखणाऱ्या प्रभू, आमच्या पापांना आम्ही जी सुंदर वस्त्रे घातली आहेत, ती तुझ्या हातांनी उतरव. आमची बुद्धी आमची वकील न होता तुझी दासी होवो. ज्यांचे नाव पुढे करून आम्ही चुकलो, त्यांची आणि तुझी क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांस दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.